गेम खेळताना पीसी बंद पडतो? कोकणात तपासणी कुठून सुरू करायची

पीसीवर सिनेमा बघताना, कॉलेजचं काम करताना काही होत नाही आणि गेम सुरू करून थोडा वेळ झाला की तो बंद पडतो. अशा वेळी नवीन लोक आधी विंडोज नव्यानं टाकतात आणि मग ग्राफिक्स कार्ड बदलायच्या गोष्टी करतात. या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी करायच्या आहेत. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम वीज ओढतात, दोन्ही तापतात, रॅम भरते आणि एरवी झाकलेला दोष तेव्हा उघडा पडतो. आपल्या किनारपट्टीवर, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, त्यात दोन गोष्टींची भर पडते: वर-खाली होणारं व्होल्टेज आणि खारी, दमट हवा. इंटरनेटवर सापडणाऱ्या उपायांमध्ये या दोन्हींचा विचार फारसा नसतो. म्हणून इथे क्रम वेगळा लावला आहे. आधी नोंद, मग वीज, मग उष्णता, मग गंज. रॅम आणि ड्रायव्हर त्यानंतर.

एक नियम सुरुवातीलाच पाळायचा ठरवा: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, रॅम पुसली आणि यूपीएस काढला, हे सगळं एकाच संध्याकाळी केलंत तर पीसी सुधारला तरी कशानं सुधारला ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आधी बघा, कसा बंद पडतो

वही घ्या. तारीख, वेळ, कोणता गेम, बाहेर पाऊस होता का, घरात आणखी काय चालू होतं आणि नेमकं काय दिसलं, एवढं लिहा. "हँग झाला" एवढ्यानं काही कळत नाही. बंद पडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळीकडे बोट दाखवतो.

गेम आपोआप बंद झाला आणि डेस्कटॉप दिसला, बाकी पीसी नीट चालू आहे: हा गेमच्या फायलींचा, ड्रायव्हरचा किंवा रॅमचा दोष असण्याची शक्यता जास्त. निळा पडदा आला: त्यावरचा स्टॉप कोड मोबाइलनं टिपून ठेवा. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा केला आहे, तेव्हा काळ्या पडद्यावर अक्षरं दिसली तर तोच समजा. पडदा नुसता काळा, अक्षरं नाहीत, पंखे जोरात फिरताहेत आणि गेमचा आवाज काही क्षण येत राहतो: ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा त्याचा ड्रायव्हर. आणि लाइट गेल्यासारखा पीसी एका क्षणात बंद झाला किंवा स्वतःच पुन्हा सुरू झाला: वीज, एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) किंवा अति तापलेला प्रोसेसर. कोकणात मला सगळ्यात जास्त वेळा हा शेवटचा प्रकार बघायला मिळतो.

निळा पडदा वाचायच्या आतच पीसी रिस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि ऑटोमॅटिकली रिस्टार्टची खूण काढा.

मग विंडोजनं स्वतः काय लिहून ठेवलंय ते बघा. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. तारखेवार लाल फुल्या दिसतात, नवख्या माणसाला हे सगळ्यात सोपं पडतं. जास्त तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जखाली सिस्टिममध्ये मिळतो. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसलं की अनेक जण तेच कारण धरून बसतात. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद न होता पीसी गेला. लाइट गेली तरी हीच नोंद होते. त्याच्या जवळपास व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाची नोंद असेल तर मात्र ती महत्त्वाची. प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डवरच्या जोडणीनं चूक कळवलेली आहे. डिस्प्लेची ४१०१ ही नोंद म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर उत्तर देईना म्हणून विंडोजनं त्याला पुन्हा सुरू केलं. विंडोज मुळात दोनच सेकंद वाट बघतं.

एकच गेम बंद पडतो आणि बाकीचे तासन्‌तास चालतात, असं वहीत दिसत असेल तर वीज-उष्णतेचे भाग तूर्त सोडा आणि सरळ खालच्या "ड्रायव्हर, गेमच्या फायली, डिस्क" या भागाकडे जा.

वीज

पीसी मागे भिंतीतल्या ज्या सॉकेटला लावलाय तिथपासून सुरुवात. यूपीएस, एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग सगळं काढून पीसी सरळ भिंतीत लावून एकदा खेळून बघा. ढगाळ दिवशी किंवा गडगडाट असताना ही चाचणी करू नका. सरळ लावल्यावर पीसी चालला तर दोष मधल्या वस्तूत आहे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेमच्या ऐन धुमश्चक्रीत त्याच्या वर क्षणभर गेले की यूपीएस लाइन तोडतो, आणि आपल्याला वाटतं पीसी बिघडला. बॅटरी जुनी झालेली असेल तर आणखीच. पंखे-दिव्यांसाठी बसवलेल्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावू नये. लाइट गेल्यावर त्याला बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढा एसएमपीएस थांबत नाही.

आता व्होल्टेज. एक साधा मल्टीमीटर घ्या, तो पुढे अनेकदा उपयोगी पडतो. एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा. २३०च्या आसपास यायला हवं. उघड्या सॉकेटमध्ये सळ्या घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या किंवा सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटरचा प्लग मिळतो तो वापरा. एकदा मोजून भागत नाही, पीसी ज्या वेळी बंद पडतो त्याच वेळी मोजायचं.

मालवणजवळच्या एका घरात पीसी फक्त तिन्हीसांजेला बंद पडायचा. मुलगा ड्रायव्हरच्या मागे लागला होता. त्याच्या आजीनं सहज सांगितलं, "शेजारचो पंप चालू झालो काय हेचो कॉम्प्युटर बंद पडता." पीसीच्या शेजारच्याच सॉकेटला व्होल्टमीटर लावून गेम सुरू केला. आकडा २१५ वर होता. विहिरीवरचा पंप सुरू झाला तसा तो १८०च्याही खाली आपटला, ट्यूबलाइट लुकलुकली आणि पीसी रिस्टार्ट झाला. त्या घराला वाडीच्या टोकाचं कनेक्शन होतं. ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलं की लोड आल्यावर व्होल्टेज असंच पडतं.

आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण लोडवर असलेला एसएमपीएस वीज तुटल्यावर तेवढाही वेळ तग धरेल याची खात्री नसते. म्हणून दिवा नुसता लुकलुकतो पण पीसी बंद होतो, आणि तोच पीसी रिकामा असताना तीच लुकलुक सहज पचवतो. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट किती लिहिलंय ते वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस पडत्या व्होल्टेजला बराच सोसतो. २००–२४० लिहिलेला असेल आणि तुमच्याकडे संध्याकाळी १८५ येत असेल, तर कारण तिथंच सापडलं. उपाय म्हणून फ्रिजचा रिलेवाला स्टॅबिलायझर आणू नका. टप्पा बदलताना तो स्वतःच क्षणभर खंड पाडू शकतो. आतूनच व्होल्टेज सावरणारा, पुरेशा वॉटचा लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस घ्या. आणि व्होल्टेज रोज पडत असेल तर तारीख-वेळ-आकडा लिहून वीज कार्यालयात लेखी द्या. फोटोसह दिलेली नोंद तोंडी सांगण्यापेक्षा लवकर मार्गी लागते.

अर्थिंगकडे कोकणात फार दुर्लक्ष होतं. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलेलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जांभ्या दगडाच्या जमिनीत पावसाळ्यात ओल असते आणि एप्रिल-मेमध्ये ती पार आटते, त्याबरोबर अर्थिंगही कमजोर होतं. पाणी पडत राहील अशा जागी, माडाच्या आळ्याजवळ किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, अर्थिंगचा खड्डा वायरमनकडून करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. गेमिंगपेक्षा घरातल्या माणसांच्या जिवासाठी हे आधी करा.

एसएमपीएसची ताकद तपासताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. समजा १८ ॲम्पिअर असतील तर २१६ वॉट झाले, मग बाहेर ४५० लिहिलेलं का असेना. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॉट घेतं आणि त्याच्यासाठी कंपनीनंच ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलाय. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर संशयाची सुई आधी त्याच्यावर ठेवा. कार्डाला दोन पॉवर कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन टोकं न वापरता दोन वेगळ्या केबली लावा. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज शिल्लक राहतो.

पैसे न खर्च करता करायची एक चाचणी मला सगळ्यात आवडते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा आणि एमएसआय आफ्टरबर्नरमधून कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. हे सॉफ्टवेअर इतर कंपन्यांच्या कार्डांनाही चालतं. एवढ्यानं बंद पडणं थांबलं, तर दोष वीज किंवा उष्णतेच्या बाजूचा आहे, किंवा खुद्द कार्डाचा. ड्रायव्हरशी झटापट करायची गरज नाही हे तरी कळलं.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, सेन्सर्स उघडे ठेवून अर्धा तास खेळा आणि कमाल तापमानाचा रकाना वाचा. त्याला लॉग लिहायला लावता येतं, म्हणजे पीसी गेला तरी शेवटचे आकडे फायलीत राहतात. प्रोसेसर बहुधा ९० ते १०० अंशांच्या मर्यादेजवळ स्वतःचा वेग कमी करतो, एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३-८४ अंशांच्या सुमारास. वेग कमी होणं म्हणजे गेम अडखळणं. एकदम बंद पडणं त्याच्याही पुढची पायरी. म्हणून आकडे ७०च्या घरात असताना पीसी बंद पडत असेल तर उष्णतेचा पाठपुरावा सोडून द्या.

खोली जितकी गरम, पीसी तितका वर. मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ३८ अंश असतील तर डिसेंबरातल्या २८च्या मानानं चिपचं तापमानही साधारण दहानं चढतं. कॅबिनेटची बाजू काढून समोर टेबलफॅन लावा आणि खेळा. आकडे दहा-पंधरानं उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडतेय. धूळ ब्लोअरनं काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरनं फुंकू नका, हवेबरोबर पाण्याचे कण येतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट काही वर्षांची असेल तर बदला. लॅपटॉप असेल तर गादीवर ठेवून खेळणं बंद करा, मागची बाजू उचलून ठेवा आणि मूळचाच चार्जर वापरा.

खारी हवा आणि ओल

हा भाग बाहेरच्या लेखांत सापडणार नाही, म्हणून नीट वाचा. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पंखे तीच हवा कॅबिनेटमध्ये ओढतात, मीठ धुळीबरोबर बसतं, आणि जून ते सप्टेंबर ते हवेतली ओल शोषून घेतं. ओलसर मिठात वीज थोडी थोडी झिरपते आणि धातू गंजतो. हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातली एक रॅम मी उजेडात तिरकी धरून बघितली होती: सोनेरी पट्ट्यांच्या मुळाशी बारीक हिरवट ठिपके, आणि दोन पट्ट्यांवर काळसर डाग. असा पीसी सुरू होतो, कामही करतो. गेममध्ये रॅमवर भार आला, बोर्ड तापून थोडा प्रसरण पावला की संपर्क तुटतो.

साफ करायची पद्धत अशी. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून ती सरळ वर काढा. नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्ट्यांवरून एकाच दिशेनं फिरवा. डाग हटत नसेल तरच पांढरा मऊ खोडरबर हलक्या हातानं वापरा. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासाघीस केलीत तर तोच निघून जाईल. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पेट्रोल, थिनर, व्हिनेगर यांतलं काहीही लावायचं नाही. ग्राफिक्स कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांनाही हेच. पूर्ण सुकल्यावर रॅम परत बसवा, "टक्‌" असा आवाज यायला हवा. त्याच वेळी २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा कनेक्टर एकदा काढून पुन्हा घट्ट लावा. कनेक्टर तपकिरी झाला असेल किंवा वितळल्यासारखा दिसत असेल तर पीसी सुरूच करू नका.

आत डोकावलात की टॉर्चनं कोपरेही बघा. पालीची अंडी, मुंग्या, झुरळं, कोळ्याची जाळी हे सगळं कोकणातल्या कॅबिनेटमध्ये सापडतं. मागच्या बाजूच्या रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद करा.

पावसाळ्यात पीसी महिनाभर झाकून ठेवणं वाईट. रोज तासभर चालू ठेवला तर आतल्या उबेनं ओल निघून जाते. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, सुती कापड पुरे. एसी असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसीनं खोली २० वर आणून, एसी बंद करून खिडकी उघडलीत, तर थंड झालेल्या बोर्डावर दव धरतं. पीसी सुरू करायचा असेल तर तो खोलीइतका उबदार होईपर्यंत थांबा. पुराचं पाणी लागलेला पीसी तर सुकला असं दिसलं तरी चालू करायचा नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरासारख्या पाण्याबरोबर चिखल आत जातो आणि तो धुतल्याशिवाय बोर्ड वाचत नाही.

रॅम, बायोस आणि प्रोसेसर

पुसूनही फरक नसेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग, बंद करा. रॅम कमी वेगानं चालेल, गेम थोडे मंद वाटतील, चाचणीपुरतं चालतं. बंद पडणं थांबलं तर रॅमचा तो वेग तुमच्या बोर्डाला किंवा प्रोसेसरला झेपत नाही. मग मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती चूकच. दोन रॅम असतील तर एकेक काढून, एकेका स्लॉटमध्ये तपासा. एकच रॅम असेल तर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची, बहुतेक बोर्डांची तशी सूचना असते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी हे वाचाच. त्यांतल्या वरच्या श्रेणीच्या अनेक प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लक्षण फसवं असतं: शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे गेमचे छोटे प्रोग्राम) तयार होताना गेम बंद पडतो आणि "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश येतो, म्हणून माणूस ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागतो. बायोस नवीन करा. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र त्यानं सुधारत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो. बायोस अपडेट सुरू असताना लाइट जाता कामा नये. यूपीएसवर आणि पाऊस-वारा नसतानाच करा.

ड्रायव्हर, गेमच्या फायली, डिस्क

हे पटकन होतं. सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) चालवून जुना ग्राफिक्स ड्रायव्हर मुळापासून काढा आणि कंपनीच्या साइटवरून नवीन टाका. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागचा टाका. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून फायली तपासून घ्या. ओव्हरले (गेमवर दिसणाऱ्या इतर ॲपच्या खिडक्या) आणि ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) बंद करा. पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) कुणी बंद केली असेल तर विंडोजच्या हवाली करा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कचा रंग पिवळा किंवा लाल असेल तर बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि अभ्यासाच्या फायली दुसरीकडे उतरवा.

दुकानात नेण्याआधी

एवढ्यानंतरही बंद पडत असेल तर सुटा भाग बदलून बघणं उरतं, आणि त्यात पहिला मान एसएमपीएसचा. मित्राकडून चांगला एसएमपीएस एक दिवसासाठी मागून आणा, त्याच्याच केबलींसह; वेगळ्या कंपन्यांच्या मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुट्या निघणाऱ्या) केबली एकमेकांत लावल्या तर पार्ट जळतात. त्यानंतर तुमचं ग्राफिक्स कार्ड मित्राच्या पीसीत लावून खेळा. तिथेही पडदा काळा झाला तर कार्डच खराब.

लहान गावातून रत्नागिरी, कणकवली किंवा चिपळूणला पीसी न्यायचा तर एसटीच्या धक्क्यांत जड ग्राफिक्स कार्ड स्लॉट मोडतं. ते काढून वेगळं गुंडाळून न्या. वही बरोबर असू द्या. दुकानातली वीज चांगली असेल तर तिथे पीसी दिवसभर बंद पडणार नाही आणि "काही दोष नाही" म्हणून परत मिळेल. तसं झालं तर तोही निकालच आहे: वायरमनला बोलवा आणि घरचा सॉकेट, अर्थिंग आणि संध्याकाळचं व्होल्टेज पुन्हा मोजून घ्या.